कूलरचं खुराडं

आमच्या आत्याबाईंचा कोंबड्यांना विरोध होता, हे आधीच सांगून टाकते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. त्या मांसमच्छी खात नसत किंवा त्यांना पिसांची किळस येई, असलं काही नव्हतं. गंगापूरकडच्या मळ्यात त्यांनी जन्मभर कोंबड्या सांभाळल्या होत्या. त्यांचा आक्षेप वेगळाच होता.

"कापायची नाय, इकायची नाय, मंग कोंबडी ठिवायची कशाला? तोंड बघायला?"

"हो, तोंड बघायलाच," मी म्हणाले. मी तेव्हा फटकळ होते. आताही आहे, पण तेव्हा वयाचा जोर होता.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही सिडकोतल्या एका बैठ्या घरात राहत होतो. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे आठ-दहा हात म्हणता येईल असं अंगण. त्यात एक कढीपत्ता. घरात मी, माझे यजमान आणि वर्षातले काही महिने आत्याबाई. सासरे गेल्यावर दोघा भावांनी बसून ठरवलं होतं की दिवाळी ते पाडवा आईनं शहरात आमच्याकडे राहायचं आणि पाडवा ते दिवाळी गावाकडे थोरल्याकडे. आईला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले दीर जीप घेऊन येत. आत्याबाई आपली कापडी पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसत. जीप कोपऱ्यावर वळली की मी दार लावून घेई आणि पंखा पाचावर करून फरशीवर पसरत असे.

खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसाची वाट बघत असे. जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीला लागलं की मी सगळ्यांत आधी पाडवा शोधायची आणि त्या तारखेभोवती पेन्सिलनं बारीकसा गोल काढायची. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना ते कळायचा प्रश्न नव्हता.

कोंबड्यांचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते बिडकीनला. शेजारच्या आपांच्या भाच्याचं लग्न होतं, वलीम्याच्या जेवणाला आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. आपांच्या भावाच्या घरामागे मी हात धुवायला गेले तर पायांशी एक कोंबडा आला. पारव्याहून थोडा मोठा. अंगावर तांबूस सोनेरी पिसं, शेपटी काळी आणि पायांवर बोटांपर्यंत पिसांच्या तुमानी. त्यानं मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं की मी शिकवत असलेल्या शाळेतल्या इन्स्पेक्टरसमोरही मी एवढी बावचळले नसेन. ही बँटम जात, मोठी होतच नाही, असं आपांच्या भावानं सांगितलं. मी तिथंच नाद धरला. आठवड्याभरात मिक्सरच्या खोक्यातून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या स्कूटरवरून आमच्या घरी आल्या. एक पांढरी होती, एक कबरी.

आत्याबाईंनी खोक्यात डोकावून पाहिलं.

"ही पिल्लं कव्हा मोठी व्हायची?"

"ही मोठीच आहेत, आत्याबाई."

त्या आत गेल्या आणि तुरीची डाळ निवडायचं ताट घेऊन मागच्या दारात येऊन बसल्या. पुढे काय होतंय ते सगळं त्यांना तिथून दिसणार होतं. "मला काय बी इचारू नका," एवढं मात्र त्यांनी जाहीर केलं.

आम्ही विचारलंही नाही. यजमान वाळूजच्या एका कारखान्यात मालाची मापं तपासायच्या कामावर होते. घरातली पोळीसुद्धा ते डोळ्यांनी मोजत. त्यांनी रविवारी सकाळी आलेखाच्या कागदावर खुराड्याचं चित्र काढलं, वरून, समोरून आणि बाजूनं. मग गच्चीवर गंजत पडलेला आमचा जुना कूलर खाली उतरवला. आमच्या भागात कूलर म्हणजे पत्र्याचा मोठा चौकोनी डबा. तीन बाजूंना गवत भरलेल्या चौकटी, पुढं पंख्याचं गोल भोक, खाली पाण्याची टाकी आणि हे सगळं चार पायांच्या लोखंडी घोडीवर. टाकीला भोक पडलं म्हणून तो बाद झाला होता. पण खुराडं म्हणून बघितलं तर त्यात काय नव्हतं? घोडीमुळे मुंगूस चढणार नाही. तीन बाजूंनी वारा. टाकीत भुसा टाकला की खालची घाण काढायला सोपी. पंख्याचं गोल भोक म्हणजे दार. यजमान इतके खूश झाले की त्यांनी मला दोनदा जवळ बोलावून तेच भोक दाखवलं.

गवत काढून चौकटींना बारीक जाळी ठोकली. पोछ्याची जुनी काठी आडवी बसवून कोंबड्यांना रात्री बसायला दांडी केली. गोल दाराला बिजागरीवर पत्र्याची चकती, वर कडी. दारापर्यंत चढायला फळीची शिडी. खुराड्यासमोर चार लोखंडी पट्ट्या रोवून कमरेइतक्या उंच जाळीचं फिरायचं अंगण केलं. जाळी कमी पडली तिथं जुन्या खिडकीचा पल्ला उभा केला. शेवटी गंज दिसू नये म्हणून आतून-बाहेरून चंदेरी रंग मारला. संध्याकाळी ते खुराडं असं चमकत होतं की गल्लीतल्या दोघी-तिघी बघायला आल्या.

"वरून मोकळं ठिवलं," आत्याबाई डाळीतला खडा टाकत म्हणाल्या.

"वरून कशाला, माय? कोंबड्या काय उडतात का?"

"मी कुठं काय म्हन्ले?"

आम्ही तिघांना जाळीत सोडलं. कोंबड्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पंख फडफडवले आणि सरळ कुंपणाच्या भिंतीवर गेला. तिथून आपांच्या गच्चीवर. देशी कोंबडी जडशीळ असते, ती भिंतीपर्यंत जेमतेम जाते. ही बुटकी जात पाखरासारखी उडते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण आम्ही ऐकलं नव्हतं. पाठोपाठ दोघीही निघाल्या.

"बहेन, तुमारा मुर्गा हमारे छत पे आको बैठा," आपांनी वरून हाक मारली. "जनानाभी साथ लेको आया!"

गव्हाचे दाणे दाखवून, पदर पसरून, चादर टाकून त्यांना खाली आणलं. आता खुराड्यात जातील म्हणावं, तर शिडीकडे कुणी ढुंकून बघेना. रंगाचा वास येत होता आणि फळी घसरडी झाली होती. अंधार पडायच्या सुमाराला तिघंही कढीपत्त्यावर चढून बसली. यजमान कागद हातात घेऊन झाडाखाली उभे. मापं सगळी बरोबर होती.

मला हसूही येत होतं आणि रडूही. मागच्या दारातून आत्याबाई पदर खोचत उठल्या.

"सर रे बाजूला," त्या लेकाला म्हणाल्या. त्यांनी झाडावरून एकेक कोंबडी आंबा काढावा तशी अलगद काढली. त्या रात्रीपुरतं तिघांना डालाखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली झाकलं. सकाळी त्यांनी शिडीला आडव्या काड्या बांधून घेतल्या, रंगावर राख फासली, ती आणायला गल्लीच्या टोकाच्या भट्टीवर स्वतः गेल्या आणि जाळीवर माझी जुनी नायलॉनची साडी ताणून बांधली. मग तिघांना कूलरमध्ये घालून कडी लावली.

"तीन दिस सोडायच्या नाय. तीन दिस कोंडून ठिवल्या का त्यान्ला घर कळतं. मंग कुठं बी सोडा, सांजच्याला आपल्या पायानं येत्यात."

चौथ्या दिवशी तसंच झालं. दिवस मावळताना आधी कबरी, मग पांढरी आणि सगळ्यांत शेवटी कोंबडा शिडी चढून पंख्याच्या भोकातून आत गेले. त्या दिवशी मी शाळेतल्या सगळ्या बायांना हे सांगितलं. आत्याबाईंचं नाव मात्र घेतलं नाही, हे आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढं यजमानांनी एक घोळ घातला. त्यांना वाटलं खुराड्यावर दुपारचं ऊन येतं, म्हणून त्यांनी ते भिंतीच्या त्या कोपऱ्यात नेलं. तिथं आपांच्या मोरीचा ओलावा येतो असं दिसलं म्हणून या कोपऱ्यात आणलं. मग पुन्हा मध्ये. पांढरी नुकती अंडी द्यायला लागली होती, ती थांबली.

"काय करू राह्यला रे?" आत्याबाई चिडल्या. मी त्यांना चिडलेलं क्वचितच पाहिलं होतं. "चार दिस हिकडं, चार दिस तिकडं, असं केल्यावर कोंबडी काय अंडं देईल? तिला कळाया नको का आपलं घर कोन्तं?"

यजमानांनी खुराडं मुकाट्यानं पहिल्या जागी ठेवलं. मीही मुकाट्यानं ऐकलं आणि कोंबडीबद्दलच ऐकलं.

होळी झाली आणि पांढरी आजारी पडली. निदान मला तसं वाटलं. ती भुशात फुगून बसली, उठेना, खाईना, हात नेला की चोच मारी. मी घाबरून आत्याबाईंना बोलावलं. त्या हसल्या, अगदी दात दिसेपर्यंत.

"आजारी कशाची? खुडूक झाली. तिला आई व्हायचंय."

आणि मग त्यांचं जे काही सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. अंडी एकेक करून उजेडासमोर धरली. सात निवडली. प्रत्येकावर काजळाचा ठिपका दिला, म्हणजे नंतर दिलेलं अंडं वेगळं ओळखू यावं. पाटीत भुसा, त्यात कोळशाचा तुकडा आणि एक खिळा.

"सातच का? टोपलीत आठ आहेत," मी विचारलं.

"सम अंडी कव्हाच बसवायची नाय. पाच, सात, नऊ. ध्यानात ठिव. सम बसवली का पिल्लं लागत नाय."

शास्त्रात हे कुठं लिहिलंय ते मला ठाऊक नाही, पण त्या सुरात सांगितल्यावर ध्यानात राहिलं. पुढे आपांनी विचारलं तेव्हा मीच आत्याबाईंसमोर मोठ्या ऐटीत त्यांना हा नियम सांगितला. आत्याबाईंनी मान डोलावली होती.

मग त्यांनी बोटांवर एकवीस दिवस मोजले. पाडवा बाराव्या दिवशी येत होता. मोजणारं बोट तिथं क्षणभर थांबलं, हे मी पाहिलं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी थोरले दीर आले. मोठा सालस माणूस. गाडीतून मळ्यातली वांगी उतरवली, चहा घेतला आणि म्हणाले, "चल माय, ऊन व्हायच्या आत निघू."

आत्याबाई मागच्या अंगणात खुराड्याशेजारी बसल्या होत्या. जागच्या हलल्या नाहीत.

"अंडी फुटल्याबिगर मी येत नाय."

"कुनाची अंडी?"

"कोंबडीची. माही काय?"

दीर माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले. खरं तर मला जरा वैतागच आला होता; फरशीवर पसरायचा माझा दिवस हुकत होता. शेवटी असं ठरलं की पिल्लं निघाली की त्यापुढच्या रविवारी ते परत येतील.

ते नऊ-दहा दिवस मी विसरणार नाही. माझी शाळा सकाळची, बाराला घरी येई. जेवण झालं की आम्ही दोघी मागच्या दारात सावलीला बसायचो. पांढरी पाटीत, कबरी आणि कोंबडा साडीच्या मांडवाखाली धुळीत लोळत. इतक्या वर्षांत आम्ही अशा बसलो नव्हतो. मी घरात असले की त्या पुढच्या खोलीत आणि त्या मागं आल्या की मी पुढं. एकदा मी सहज विचारलं, गावाकडं दिवसभर काय करता?

"काय करनार? बाजंवर बसती. थोरलीचं समदं निगुतीचं हाय, माह्याबिगर चालतं तिचं." त्यांनी कबरीला दोन दाणे टाकले. "तुहं बी चालतं."

त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच मला फार वाईट वाटलं. खुराडं हलवणाऱ्या लेकावर त्या का चिडल्या होत्या, ते मला त्या दुपारी कळलं. मी काहीतरी काम काढून आत गेले आणि ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले.

एकविसाव्या दिवशी सातातली सहा अंडी फुटली. लिंबाएवढी पिल्लं, पायांवर आत्ताच तुमानी. यजमानांनी रजा टाकली. आपा पेढे घेऊन आल्या. आत्याबाई बाजरीची कणी बोटांनी टिपून खायला शिकवत होत्या आणि पिल्लांची आई त्यांना काही करत नव्हती. मी हात पुढं केला की मात्र चोच.

आणि रविवार जवळ येत होता. शुक्रवारी कबरीही फुगून बसली. बँटमची ही खोडच आहे, त्या सारख्या खुडूक होतात. आत्याबाईंनी पाहिलं, पण या वेळी पाटी काढली नाही. "तुला जमलं तर बसव पुढं," एवढंच म्हणाल्या आणि आपली पिशवी भरायला लागल्या.

शनिवारी दुपारी त्यांचा डोळा लागला होता. मी अंड्यांची टोपली काढली. माझ्या हिशेबानं नऊ असायला हवी होती, निघाली सहा. यजमानांनी न सांगता आम्लेट करून खाल्लं असणार म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. मग काजळाची डबी घेतली, भुसा, कोळसा, खिळा, सगळं शिकवलं तसं केलं. पाच अंडी कबरीखाली सरकवली. सहावं हातात धरून जरा वेळ उभी राहिले. आणि तेही सरकवलं.

रविवारी सकाळी जीप दारात आली. आत्याबाई नवं लुगडं नेसून, पिशवी पायाशी घेऊन खुर्चीत तयार बसल्या होत्या. आपा निरोप द्यायला आल्या होत्या. दिरांनी चहाची बशी खाली ठेवली तसं मी म्हणाले, "आत्याबाई, जाता जाता एकदा बघून घ्या. काल मी कबरी बसवली."

त्या उठल्या. वाकून पंख्याच्या भोकातून हात आत घातला आणि न बघता, नुसत्या बोटांनी कोंबडीखालची अंडी मोजली. हात तसाच आत राहिला.

"किती ठिवली?"

"सहा."

"सम? सम अंडी बसवली तू?"

"पाचच ठेवणार होते. म्हटलं, एक कशाला वाया घालवा."

"मंग इतके दिस मी काय भिताडाला सांगत व्हते का?"

आपांनी तोंडाला पदर लावला. त्यांना मीच तो नियम सांगितला होता आणि तेव्हा आत्याबाई तिथंच होत्या. आत्याबाईंनी हात बाहेर काढला, माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली नाही.

"तुला काय बी कळत नाय," त्या म्हणाल्या.

"नाहीच कळत," मी म्हणाले.

मग त्यांनी आपली पिशवी ओढली, लुगड्याची घडी बाजूला केली आणि तळाशी असलेल्या ज्वारीच्या पुरचुंडीत हात घातला. एकामागून एक तीन अंडी निघाली. माझ्या टोपलीतली. गावाकडं तरी एखादी बुटकी कोंबडी आपल्या बाजेखाली फिरावी, म्हणून त्यांनी ती न विचारता घेतली होती. त्यातलं एक त्यांनी कबरीखाली ठेवलं.

"सात झाली." उरलेली दोन पुन्हा ज्वारीत खोवून पुरचुंडी दिरांच्या हातात दिली. "ही थोरलीला दी. तिच्या कोंबडीखाली पाच असतील तर दोन्ही ठिव म्हनावं. चार असतील तर यकच."

"आन् तू?" दिरांनी विचारलं.

"मला हिला बघाया नको? एकवीस दिस हायत अजून. ह्या घरात कुनाला दोन अंडी सरळ मोजता येत नाय."

दिरांनी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी माझ्याकडे, आणि मी कूलरकडे बघत राहिले. मग दीरच आधी हसले. जाताना त्यांनी ती पुरचुंडी पुढच्या सीटवर, आत्याबाईंच्या जागी, नीट ठेवली आणि गाडी अगदी सावकाश नेली.

कबरीची पिल्लं निघाली तेव्हा पांढरी पुन्हा खुडूक झाली होती. पांढरीची निघाली तोवर कबरी, आणि पावसाळा सरेपर्यंत पांढरीची एक लेकही अंड्यावर आली. दीर महिन्यातून एकदा समोरच्या किराणा दुकानात फोन करून विचारायचे, "आता कोन बसलंय?" आणि कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. दिवाळी गेली. भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं, त्यावर आत्याबाईंनी एकविसाव्या दिवसांची काजळाची बोटं उमटवायला सुरुवात केली.

पाडव्याला मी पुरण वाटत होते. आत्याबाई हात पुसत कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या, बराच वेळ त्या पानाकडे बघत होत्या.

"का गं," त्या मागं न वळता म्हणाल्या, "औंदा गोल काढायचा इसरली व्हय?"